बदनाम कॉलनीत रूम लागलीय? आधी हे वाचा

गेल्या महिन्यात माझ्या आत्येबहिणीचा फोन आला, रडत होती. त्यांची झोपडी रस्त्याच्या कामात गेली आणि बदल्यात पुनर्वसनाची रूम लागली मुंबईतल्या मानखुर्दला. लगेच सासरचे सगळे सुरू झाले, की पोरीबाळी घेऊन तिकडे कुठे जाता, तिथे गर्दुल्ले, तिथे चाकूबाजी, तुमच्याकडे पाहुणा तरी कोण येणार. मी तिला दोन तास फोनवर समजावत होते. मग वाटलं सगळं एकदा लिहूनच काढावं, कारण दर वर्षी कुणाला ना कुणाला हेच सांगावं लागतं.

मी स्वतः २००४ पासून मानखुर्दला पीएपी कॉलनीत राहते, पीएपी म्हणजे प्रकल्पग्रस्त, आमच्याकडे सगळे पीएपीच म्हणतात. त्याआधी आमची झोपडी हार्बर लाइनच्या रुळाला लागून होती, इतकी की गाडी गेली की फळीवरची भांडी खडखडायची. रेल्वे आणि रस्ते वाढवायचा तो मोठा प्रोजेक्ट आला, एमयूटीपी, वर्ल्ड बँकेचं कर्ज होतं त्याला, त्यात रुळाकडेच्या आणि रस्त्याकडेच्या हजारो झोपड्या उठल्या आणि लोकांना मानखुर्दचं लल्लूभाई कंपाऊंड, गोवंडीचं नटवर पारेख कंपाऊंड, चेंबूरचा वाशी नाका असं जिथे बिल्डिंगी तयार होत्या तिथे पाठवलं. रूम २२५ फुटांची. (नंतर एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली, रूम २६९ झाली आणि आता ३०० फूट मिळते, आमच्या नशिबात २२५.) आईने पहिल्या दिवशी घरातल्या संडासाचं दार उघडून आत बघितलं, बंद केलं, परत उघडून बघितलं. पन्नाशीच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा डबा घेऊन लाइन लावायची नव्हती. हे आधीच सांगते, कारण ‘कसल्या जागेत राहता’ म्हणणाऱ्यांना हे दार दिसत नाही.

आता बदनामी का झाली ते समजून घ्या, म्हणजे घाबरायचं कशाला आणि कशाला नाही ते नीट कळेल. झोपडपट्टीत शेजार वीस-वीस वर्षांचा असतो, कोणाचा मुलगा कुठे बसतो ते गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. इथे दादरचा, घाटकोपरचा, कुर्ल्याचा, वडाळ्याचा असा माणूस एका जिन्यावर आला, कोणी कोणाला ओळखत नाही. बायकांची धुण्याभांड्याची कामं लांब राहिली, तिकिटाला पैसे नव्हते म्हणून कित्येकींची सुटलीच. सात-सात मजल्यांच्या बिल्डिंगींना लिफ्ट आणि पंप आले, पण त्यांचं बिल भरायची सवय आणि पैसा दोन्ही कोणाकडे नव्हतं, मग लिफ्ट बंद, जिना काळोखा, आणि काळोख्या जिन्यात जे बसायचे ते येऊन बसले. बिल्डिंगी तर इतक्या चिकटून, की कुठे कुठे दोन बिल्डिंगींमध्ये जेमतेम ३ मीटर जागा. लोकांनी तेव्हा वर्ल्ड बँकेपर्यंत तक्रारी नेल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे काही महिने रोखूनही धरले होते. त्यामुळे ‘ही माणसंच तशी’ असं कोणी म्हणालं की मला राग येतो. माणसं तीच होती, पण ज्या गोष्टींमुळे वस्ती स्वतःवर लक्ष ठेवते त्या सगळ्या एका ट्रकच्या फेरीत तुटल्या. तुम्हाला आता त्याच परत जोडायच्यात, निदान तुमच्या मजल्यापुरत्या.

चावी घ्यायच्या आधी

कॉलनी बघायला दिवसा जाऊ नका, म्हणजे दिवसा जा पण तेवढ्यावर थांबू नका. एकदा रात्री साडेनऊ-दहाला जा आणि एकदा पहाटे पाण्याच्या वेळेला. रात्री बघा की जिन्यात लाइट कितव्या मजल्यापर्यंत आहे, गच्चीच्या दाराला कुलूप आहे का, बायका त्या वेळी एकट्या येजा करतायत का. बायका भाजी घेऊन आरामात जिना चढत असतील तर ती बिल्डिंग चांगली, मग कॉलनीचं नाव काहीही असो. पहाटे बघा पाणी किती वेळ येतं आणि पंप कोण चालू करतं, त्या माणसाचं नाव विचारून घ्या, बिल्डिंगमधला सगळ्यात कामाचा माणूस तोच.

एकाच कॉलनीत दोन शेजारच्या बिल्डिंगींत जमीनअस्मानाचा फरक असतो. आमच्या समोरच्या बिल्डिंगीत लिफ्ट चालते, आवारात तुळस आहे, आणि तिच्या मागच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर पाय ठेववत नाही इतका वास. म्हणून ‘मानखुर्द कसंय, गोवंडी कसंय’ असं कोणाला विचारू नका. बिल्डिंग नंबर सांगून विचारा. विचारायचं कोणाला, तर खालच्या दूधवाल्याला आणि बालवाडीच्या बाईंना, ते खरं सांगतात.

मजला निवडायची संधी बहुतेकांना मिळत नाही, लॉटरीत निघेल तो. पण मिळाली तर तिसरा-चौथा घ्या. तळमजल्याला लोक धावतात कारण म्हातारी माणसं आणि पुढे छोटं दुकान टाकता येईल हा विचार, पण चिकटलेल्या बिल्डिंगींत तळमजल्याला ऊन येत नाही आणि चेंबर तुंबलं की पहिलं पाणी तुमच्याच मोरीतून वर येतं. अगदी वरचा मजला उन्हाळ्यात तापतो, पावसाळ्यात स्लॅब गळतो, आणि लिफ्ट बंद पडली की गॅसची टाकी चढवायची.

कागद. अ‍ॅलॉटमेंट लेटर, चावीची पावती, जुन्या झोपडीचा सर्व्हे नंबर असलेला कागद, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटो. नाव नवरा-बायको दोघांचं आहे ना ते तिथल्या तिथे टेबलावरच वाचून घ्या, स्पेलिंगसकट. एका अक्षराच्या चुकीपायी आमच्या मजल्यावरच्या एका मावशी चार वर्षं चकरा मारत होत्या. रूमवर आल्यावर लाइटचं मीटर स्वतःच्या नावावर, रेशन कार्ड नव्या दुकानाला जोडून घेणं, मतदार यादीसाठी फॉर्म ८, आधारचा पत्ता, गॅसचा पत्ता, हे पहिल्या दोन महिन्यांत उरका. नंतर होत नाही हो, राहून जातं, आणि मग मतदार यादीत तुम्ही नाही म्हटल्यावर नगरसेवकाच्या ऑफिसात तुमच्या तुंबलेल्या गटाराला पण किंमत राहत नाही.

आणि जे भाड्याने किंवा विकत घ्यायला बघतायत त्यांच्यासाठी वेगळं सांगते. या रूम पुनर्वसनात मिळालेल्या असतात, ठराविक वर्षं विकता येत नाहीत, आणि त्यानंतरही परवानगी लागते. एजंट ‘पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून देतो, सगळे असंच घेतात’ म्हणेल. सगळे घेतात हे खरंय. पण सर्व्हेवाले दारात आले आणि मूळ माणसाचं नाव-फोटो जुळला नाही की घराबाहेर तुम्ही पडता, एजंटचा फोन तोवर बंद झालेला असतो. माझ्या डोळ्यांसमोर एका कुटुंबाचं सामान पॅसेजमध्ये आलेलं मी बघितलंय, गावची जमीन विकून पैसे भरले होते त्यांनी. हेवी डिपॉझिटचं पण तेच, चार-पाच लाख देऊन बिनभाड्याचं राहायचं आणि कागद म्हणून साधा स्टॅम्प पेपर. करायचंच असेल तर लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाडेकरार रजिस्टर करा, पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन द्या, आणि घरमालक तोच का ज्याच्या नावाचं अ‍ॅलॉटमेंट लेटर आहे ते सोसायटीत जाऊन ताडून बघा.

पहिला महिना

बाहेरच्या लाकडी दाराआधी लोखंडी जाळीचा दरवाजा लावा. चोरीसाठी तर आहेच, पण खरं कारण वेगळं, जाळी असली की आतलं दार दिवसभर उघडं ठेवता येतं, हवा येते, आणि पॅसेजवर तुमची नजर राहते. ज्या मजल्यावर सगळी दारं बंद त्या मजल्यावर जिन्यात टोळकं बसतं. आमच्या मजल्यावर दुपारी चार बायका जाळीत बसून लसूण सोलत असतात, तिथे आजपर्यंत एक पोरगा सिगरेट ओढायला थांबला नाही.

शेजारी ओळख करून घ्या, आणि ही ओळख अडचणीच्या आधी करा. मजल्यावरच्या सगळ्यांची नावं, कोण कुठे कामाला, कोणाकडे म्हातारं माणूस, कोणाचा नवरा पिऊन येतो. हे चोंबडेपणासाठी नाही सांगत. आमच्या डाव्या बाजूच्या भाभी कुर्ल्याहून आलेल्या, उजवीकडे तमिळ अम्मा, समोर सातारकडचे काका, सुरुवातीला एकमेकांची भाषा पण धड कळायची नाही. मी ईदला शीरखुर्म्याचं रिकामं भांडं परत देताना त्यात साखर घालून दिली, आपल्याकडे भांडं रिकामं देत नाहीत म्हणून. ते भांडं अजून येतं-जातं चालू आहे, वीस वर्षं झाली. बाबांना रात्री अ‍ॅटॅक आला तेव्हा लिफ्ट बंद होती, भाभींच्या दोन पोरांनी आणि काकांनी खुर्चीत बसवून पाचव्या मजल्यावरून खाली आणलं. अँब्युलन्स फाटकाबाहेर उभी होती, आत यायला पार्क केलेल्या रिक्षांमुळे जागा नव्हती. त्यानंतर आम्ही फाटकापासून बिल्डिंगपर्यंत पिवळा पट्टा मारून घेतला, तिथे कोणीही गाडी लावायची नाही. तुम्ही पहिल्याच महिन्यात हे बघून ठेवा की अँब्युलन्स आणि बंब तुमच्या जिन्यापर्यंत पोचतो का.

लहान मुलं असतील तर खिडकीला ग्रिल लावल्याशिवाय एक रात्र राहू नका. झोपडीत वाढलेल्या मुलांना उंचीची सवय नसते.

सोसायटी, इथे खरा जीव आहे

यावर मी जास्त लिहिणार आहे, कंटाळू नका, कारण कॉलनी सुधारायची ताकद ना पोलिसांत आहे ना नगरसेवकात, ती सोसायटीच्या रजिस्टरात आहे. सोसायटी रजिस्टर झालीय का हे आधी विचारा. नसेल तर कमिटी म्हणजे चार दांडगे लोक, हिशोब कोणी मागत नाही. असेल तर तुम्ही सभासद आहात का, शेअर सर्टिफिकेट मिळालंय का, नॉमिनेशन भरलंय का ते बघा. दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते, त्या सभेला जा. बायकांनी तर नक्की जा, घरून कोणी गेलं पाहिजे म्हणून नवऱ्याला पाठवू नका, पाणी तुम्ही भरता, जिना तुम्ही चढता, बोलायचं तुम्हालाच आहे. दर वर्षीचं ऑडिट, बँकेचं पासबुक, आणि ठेव कुठे आहे हे तीन प्रश्न शांतपणे विचारायचे.

ठेवीचं बऱ्याच जणांना माहीतच नसतं. एसआरएच्या नियमात बिल्डरने प्रत्येक रूममागे आधी २०,००० आणि आता नव्या नियमावलीत ४०,००० रुपये ठेव भरायची असते, आणि तिच्या व्याजातून देखभालीला हातभार लागावा अशी ती सोय आहे. आमच्यासारख्या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीतही असा निधी ठेवलेला असतो. तो पैसा तुमचा आहे, लेखी अर्ज देऊन माहिती मागा, पोच घ्या. पोच न घेता दिलेला अर्ज म्हणजे न दिलेलाच अर्ज.

आता मेंटेनन्स. लोक भरत नाहीत, कारण विचारा तर म्हणतात लिफ्ट चालत नाही मग भरू कशाला, आणि लिफ्ट चालत नाही कारण कोणी भरत नाही. हा गुंता आम्ही कसा सोडवला ते सांगते, कदाचित तुम्हालाही उपयोगी पडेल. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट चौदा महिने बंद होती. सहाव्या मजल्यावर एक आजी होत्या, त्या त्या चौदा महिन्यांत फक्त दोनदा खाली उतरल्या, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी. बाकी त्यांची भाजी दोरीला पिशवी बांधून वर जायची, खालचा भाजीवाला पोरगा हाक मारायचा, ‘आजी, ओढा!’ आम्ही पाच बायकांनी ठरवलं की एकदम लिफ्टच्या मागे लागायचं नाही, लिफ्टचा आकडा ऐकूनच लोक दार लावून घेतात. आधी जिन्याचे दिवे. प्रत्येक घरामागे फक्त ३० रुपये. एलईडी बल्ब, वरून लोखंडी पिंजरा म्हणजे कोणी काढून नेत नाही, आणि खाली नोटीस बोर्डावर हाताने लिहिलेला हिशोब, किती जमले, बल्ब कितीचा, पिंजरा कितीचा, वायरमनला किती, शिल्लक किती. बिलं पण तिथेच चिकटवली. तीन महिने तो कागद रोज लोक वाचायचे, काही जण तर बेरीज करून बघायचे, आणि बेरीज जुळली. त्यानंतर टाकी साफ करायला १०० मागितले तर न कुरकुरता आले. लिफ्टला दीड वर्ष लागलं पण लिफ्ट झाली. आजींना बसवून पहिली फेरी मारली आम्ही, त्या खाली आल्या आणि आवारातल्या कट्ट्यावर संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या, वर जायलाच तयार नव्हत्या.

म्हणून सांगते, हिशोब भिंतीवर लावा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला हिशोब कोणी वाचत नाही, तिथे गुड मॉर्निंगखाली दबून जातो.

लिफ्टवाल्याचा करार वर्षाचा करा आणि त्यात दुरुस्तीला किती तासांत येणार ते लिहून घ्या. आमच्या आधीच्या कमिटीने एका ठेकेदाराला आगाऊ पैसे दिले होते, तो परत फिरकला नाही, त्या पैशाचा कागदही नव्हता. कामाचे पैसे टप्प्याटप्प्याने आणि चेकनेच.

कचरा. बाहेरचा माणूस कॉलनीत आला की पहिलं हेच बघतो आणि नाक धरतो. दोन बिल्डिंगींमधल्या त्या अरुंद गल्लीत वरून पिशव्या पडतात, पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या ग्रिलवर अडकतात, खाली कुजतात, पाइप तुंबतो, उंदीर होतात. भांडून काही होत नाही, मी खूप भांडले. एक गोष्ट चालली, ती म्हणजे वेळ ठरवणं. सकाळी आठ ते नऊ एक बाई मजल्यामजल्यावर येऊन कचरा घेऊन जाणार, तिचा पगार मेंटेनन्समधून. लोक खिडकीतून टाकतात कारण सात मजले उतरून घंटागाडी गाठणं कामावर जाणाऱ्या बाईला जमत नाही, आळस हे कारण फार थोड्यांचं असतं. ती बाई ठेवली आणि त्याच आठवड्यात पालिकेकडून गल्ली एकदा पूर्ण साफ करून घेतली, १९१६ वर तक्रार करून नंबर घ्यायचा, मग वॉर्ड ऑफिसात तो नंबर दाखवायचा. स्वच्छ गल्लीत पहिली पिशवी टाकायला माणूस जरा थांबतो. घाण गल्लीत थांबत नाही.

हवा आणि तब्येत

हे हलक्यात घेऊ नका. २०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ आणि आयआयटी मुंबईच्या लोकांनी लल्लूभाई, नटवर पारेख आणि पीएमजी कॉलनी अशा तीन ठिकाणांचा अभ्यास केला होता. बिल्डिंगींत अंतर कमी, ऊन नाही, वारा नाही अशा पहिल्या दोन ठिकाणी टीबी पीएमजीपेक्षा कितीतरी जास्त सापडला, आणि खालच्या मजल्यांना त्रास जास्त. त्यात देवनारचं डम्पिंग १९२७ पासून इथे, जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा दिवसच्या दिवस आम्ही ओले रुमाल तोंडाला बांधून होतो.

घरात काय करायचं ते सांगते. समोरासमोरची खिडकी आणि दार रोज निदान दोन-तीन तास उघडी. खिडकीला पडदा लावून, पेटी लावून, सामान रचून बंद करू नका, जागा कमी आहे मला माहितीय, पण कपाट दुसऱ्या भिंतीला लावा. एक्झॉस्ट फॅन स्वयंपाकाच्या कोपऱ्यात लावाच. गाद्या आठवड्याला एकदा गच्चीवर उन्हात, त्यासाठी तरी गच्चीची चावी बायकांच्या हातात असू दे. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी कणकण, वजन उतरणं, असं काही दिसलं तर मेडिकलमधून बाटली आणत बसू नका, पालिकेच्या दवाखान्यात जा, टीबीची तपासणी आणि औषधं फुकट असतात. निक्षय योजनेत उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी खात्यात पैसे येतात, नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये. औषध मधे सोडायचं नाही, बरं वाटलं तरी नाही. आणि लपवायचं नाही. माझ्या बहिणीला झाला होता, आम्ही लग्नाच्या भीतीने कोणाला सांगितलं नाही आणि मग घरात मलाही झाला. दोघी बऱ्या झालो, तिचं लग्नही झालं.

नशा, पोरं, पोलीस

इथे गोड बोलून उपयोग नाही. बटन म्हणजे नशेच्या गोळ्या, एमडी म्हणजे पावडर, हुंगायचं सोल्युशन हे इथे मिळतं, आणि पोरं बारा-तेराव्या वर्षी त्या वाटेला लागलेली मी बघितलीयत. पोरगा अचानक अंघोळ टाळतोय, घरातले छोटे पैसे गायब, डोळे लाल, जुने मित्र येत नाहीत, नवे मित्र खालूनच शिट्टी मारतात, वर येत नाहीत, हे दिसलं की दुसऱ्या दिवशीची वाट बघू नका. मारून काही होत नाही, मारलेला पोरगा रात्री घरी येत नाही आणि मग तो त्यांचाच होतो. पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात व्यसनमुक्तीचा विभाग असतो तिथे न्या. आणि आधीपासूनच त्याच्या संध्याकाळी पाच ते आठ या तीन तासांचं काहीतरी लावून द्या. क्लास, व्यायामशाळा, ढोलपथक, कॅरम, काहीही, त्याचं नाव घेऊन हाक मारणारा एक मोठा माणूस तिथे असला म्हणजे झालं.

गोवंडीच्या नटवर पारेखमध्ये बघा, ६१ बिल्डिंगी, साधारण २५,००० माणसं, तिथे पोरांसाठी ‘किताब महल’ नावाची लायब्ररी झाली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल भरला, पाच दिवस. तिथल्याच पोरापोरींनी कंदील बनवून मिरवणूक काढली, रॅप केलं, भिंती रंगवल्या, फोटो काढले. मी मुलीला घेऊन गेले होते. ज्या गल्लीत संध्याकाळी सातनंतर रिक्षावाला यायला तयार नसायचा त्या गल्लीत बाहेरून लोक येऊन उभे होते. माझी मुलगी मला म्हणाली, आपल्याकडे पण असं करूया ना.

पोलिसांचं असं आहे की तक्रार करायला गेलं की काही जण तुमच्या पत्त्यावरूनच तुम्हाला तोलतात. एकट्याने जाऊ नका, सोसायटीच्या लेटरहेडवर आठ-दहा सह्या घेऊन जा, आणि पोच घ्या. बीट अंमलदाराचा नंबर नोटीस बोर्डावर लावा. नशा विकणाऱ्याशी स्वतः तोंड लावायचं नाही, हिरोगिरी करायची नाही, सोसायटीच्या नावाने अर्ज द्यायचा म्हणजे कोणी एक माणूस डोळ्यांवर येत नाही. तातडीला ११२, बाईच्या त्रासाला १०३, मुलांच्या बाबतीत १०९८, हे नंबर मुलांकडून पाठ करून घ्या. शेजारी मारहाण होत असेल तर ‘त्यांचं घरातलं’ म्हणून गप्प बसू नका, दार वाजवा आणि साखर मागा, तेवढ्याने सुद्धा हात थांबतो, मग नंतर त्या बाईशी बोला.

पत्ता सांगायचा का

सांगायचा. यावर घराघरात वाद आहे मला माहितीय. आमच्याकडची अर्धी पोरं इंटरव्ह्यूला ‘चेंबूर’ सांगतात, ‘देवनार’ सांगतात. माझ्या भावाने पण सांगितलं होतं, मावशीचा पत्ता दिला होता, नोकरी लागली आणि मग व्हेरिफिकेशनला कंपनीचा माणूस मावशीच्या घरी गेला आणि भाऊ खोटं बोलला म्हणून नोकरी गेली. पत्त्यामुळे गेली असती तर निदान भांडता आलं असतं. म्हणून पत्ता खरा द्या, पण नीट द्या. बिल्डिंग नंबर, विंग, सोसायटीचं रजिस्टर नाव, पिनकोड, सगळं सुटसुटीत. ‘लल्लूभाई’ म्हटलं की जे ऐकू येतं ते ‘अमुक तमुक सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ म्हटलं की वेगळं ऐकू येतं, आणि ते खोटंही नाही.

लोनला त्रास होतो. काही ठिकाणी एजंट पिनकोड बघूनच फाइल परत देतात, मला दिली होती. तेव्हा एजंटच्या नादी न लागता, जिथे पगाराचं किंवा बचत गटाचं खातं आहे त्याच बँकेच्या मॅनेजरला भेटा, पासबुक घेऊन. बचत गटाचं खातं दोन-तीन वर्षं नियमित चाललेलं असलं की तुमची फाइल वेगळी दिसते. डिलिव्हरीवाले वर येत नाहीत तर फाटकाजवळच्या दुकानदाराशी बोलून तिथे ठेवायची सोय करा. मुलीला बघायला येणारे पाहुणे कॉलनीचं नाव ऐकून कुरकुरले तर त्यांना दुपारी घरी जेवायलाच बोलवा, जिना चढून वर येऊ दे, स्वच्छ जिना बघू दे.

बदनामी आणि धोका यातला फरक मात्र ओळखा. बदनामी सहन करता येते, विषारी हवा नाही. चेंबूरजवळ माहुलला अशाच पुनर्वसनाच्या ७२ बिल्डिंगी आहेत, शेजारी रिफायनऱ्या, २०१५ मध्येच हरित लवादाने तिथल्या हवेने लोकांच्या तब्येतीला धोका आहे असं म्हटलं होतं, तरी २०१७ मध्ये तानसाच्या पाण्याच्या पाइपलाइनच्या कडेची कुटुंबं तिथे पाठवली. माणसं आजारी पडली. त्यातले लोक ऑक्टोबर २०१८ पासून विद्याविहारला फुटपाथवर बसले, बायका-पोरांसकट, कित्येक महिने, आणि कोर्टात गेले, आणि २०१९ मध्ये हायकोर्टाने त्यांना दुसरीकडे राहायला महिना १५,००० रुपये भाडं द्यायला लावलं. तुमची रूम अशा ठिकाणी लागली असेल तर ‘सवय होईल’ म्हणून गप्प बसू नका. दवाखान्याचे सगळे कागद तारखेने जपून ठेवा, दहा घरांचे एकत्र करा, आणि लेखी मागणी करा की आम्हाला दुसरीकडे द्या.

आत्येबहीण पुढच्या रविवारी चावी घ्यायला येतेय. मी तिला सांगितलंय की आधी माझ्याकडे ये, जेव, मग रात्री नऊ वाजता आपण दोघी मिळून तुझा जिना चढून बघू. जाळीच्या दरवाज्याचं माप घ्यायला टेप मी घेऊन येते, आणि दोन बल्ब.